ग्राहक आयोगाच्या दारावर चिकटवलेल्या कागदाबद्दल खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य ग्राहक तक्रार निवारण आयोग, मुंबई

विषय : जिल्हा ग्राहक आयोगातली रिकामी पदं, न संपणाऱ्या तारखा आणि निकालानंतरही हातात न पडणारे पैसे

महोदय,

गेल्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी आणि माझा थोरला भाऊ त्याच्या बियाण्याच्या तक्रारीच्या तारखेला आमच्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात पोचलो. दार उघडं होतं. आत दोन कर्मचारी फायली लावत बसले होते आणि दारावर एक कागद चिकटवलेला होता : 'मा. अध्यक्षांचे पद रिक्त असल्याने आजच्या बोर्डावरील सर्व प्रकरणांना पुढील तारखा देण्यात येत आहेत.' खाली बोर्डावरच्या, म्हणजे त्या दिवशी सुनावणी असलेल्या, प्रकरणांचे क्रमांक, त्यांच्यासमोर तारखा. आमच्या क्रमांकासमोर चार महिन्यांनंतरची तारीख होती. दादाने खिशातली छोटी डायरी काढली, चष्मा लावला आणि उभ्या उभ्या ती लिहून घेतली. आतापर्यंत सत्तावीस तारखा झाल्या, ही अठ्ठाविसावी मिळाली. डायरी खिशात ठेवता ठेवता तो म्हणाला, "आता सोडून द्यावं का गं हे?"

मला तिथे काही बोलता आलं नाही. परतीच्या गाडीत ठरवलं, की हे तुम्हाला लिहायचं आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहायचं.

मी तालुक्याच्या गावी, तहसील कार्यालयासमोर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान चालवते. एकोणीस वर्षं झाली. वारसनोंद, रेशनकार्ड, माहितीचा अधिकार, प्रतिज्ञापत्रं अशी कामं येतात आणि त्यांच्या जोडीला ग्राहक तक्रारीही येतात. आमच्याकडे लोक अजून 'ग्राहक मंच'च म्हणतात. मी वकील नाही. पण माणूस ज्या क्षणी ठरवतो की आपण फसवले गेलोय आणि आपण गप्प बसणार नाही, त्या क्षणी तो माझ्या दुकानात येऊन बसलेला असतो. अशा शंभराच्या वर तक्रारी माझ्या हातून टाइप झाल्या आहेत. त्यांचं पुढे काय होतं, हे मला मुंबईतल्या कुठल्याही अहवालापेक्षा जवळून दिसतं.

येणाऱ्याला मी तीन गोष्टी सांगते. वकील लागत नाही, तुमचं तुम्हाला मांडता येतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आणि कंपनी मुंबईची असो की गुरगावची, २०१९ च्या कायद्याप्रमाणे, म्हणजे २० जुलै २०२० पासून, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. या तीनही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या फार मोठ्या आहेत. त्या मिळवायला या राज्यातली माणसं झिजली आहेत. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, तेव्हा केंद्राचा कायदा यायला आणखी दहा-बारा वर्षं होती. तो २४ डिसेंबर १९८६ ला आला. दरवर्षी त्या तारखेला राष्ट्रीय ग्राहक दिन साजरा होतो, आमच्या तहसीलमध्येही होतो, हार-तुरे होतात. मी मागे उभी राहून भाषणं ऐकते, आणि भाषणात सांगितलेलं सगळं कायद्यात आहे हे मला माहीत असतं, म्हणून जास्त वाईट वाटतं.

दादाचं प्रकरण सांगते.

२०२१ च्या जूनमध्ये त्याने कृषी सेवा केंद्रातून सोयाबीनच्या चार पिशव्या घेतल्या. तेरा हजार दोनशे रुपये, पक्कं बिल. चांगला पाऊस होऊ दिला, ओल बघितली आणि चार एकर पेरलं. बांधापलीकडे शेजाऱ्याने त्याच दिवशी दुसऱ्या कंपनीचं बी पेरलं होतं. आठव्या दिवशी त्याचे तास हिरवे दिसायला लागले. आमच्या वावरात हातभर अंतरावर एखादं रोप. मी रविवारी गेले तेव्हा दादा तासात उकिडवा बसून नखाने माती उकरत होता. बी फुगून मऊ पडलेलं, टरफल सुटलेलं, बोटात दाबलं की लगदा व्हायचा आणि आंबूस वास यायचा. एका ठिकाणी उकरलं, मग चार पावलं पुढे जाऊन पुन्हा. मला पहिल्यांदाच पटलं होतं, तरी तो दाखवत राहिला.

सोयाबीनच्या बियाण्याची उगवणशक्ती किमान ७० टक्के हवी, असं प्रमाण आहे. पिशवीच्या टॅगवरही ते छापलेलं होतं. दादाने तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली. तालुक्याची तक्रार निवारण समिती वावरात आली, ठिकठिकाणी रोपं मोजली, पंचनामा केला. उगवण २२ टक्के. कंपनीचा माणूस सोबत होता, पण त्याने सही केली नाही. दुकानदार म्हणाला, मी फक्त विकतो. कंपनीने कळवलं, तुम्ही खोल पेरलं असेल. दादाने उसने पैसे घेऊन दुबार पेरणी केली. नोव्हेंबरात मी त्याची तक्रार टाइप केली : बारा पानं, शपथपत्र, बिल, चारही टॅग, पंचनामा, सातबारा, फोटो, पानांना नंबर, अनुक्रमणिका, आणि या सगळ्याचे चार संच. बियाणं, खत, पेरणीचा दुसरा खर्च आणि बुडालेलं उत्पन्न धरून मागणी ९६ हजारांची.

आता गाऱ्हाणी मांडते.

पहिलं तारखांचं. कायदा म्हणतो, तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे साधारण २१ दिवसांत ठरवा. गैरअर्जदाराला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला, उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. यावर ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगून ठेवलं आहे, की पंचेचाळीस दिवसांच्या पुढे मुदत वाढवण्याचा अधिकारच आयोगाला नाही. आमच्या प्रकरणात नोटीस कंपनीला एप्रिल २०२२ मध्ये मिळाली, पोस्टाची पोच फायलीत आहे. उत्तर आलं ऑक्टोबरमध्ये आणि ते घेतलं गेलं. माझा भाऊ त्या दिवशी हरकत घ्यायला उभा राहिला, तर त्याला सांगितलं, तुमच्या वकिलाला बोलू द्या. वकील नाही म्हटल्यावर, लावून घ्या.

नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल द्या, मालाची तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असंही कायद्यात आहे. सबळ कारण असल्याशिवाय तारीख वाढवू नका, कारण लेखी नोंदवा, आणि तारखेमुळे समोरच्याला पडलेल्या खर्चाचा आदेश करा, असंही आहे. मी रोजनाम्याची, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्या नोंदीची, नक्कल काढून मोजलं. सत्तावीसपैकी अकरा तारखा अध्यक्ष नाहीत किंवा कोरम, म्हणजे बसायला पुरेसे सदस्य, नाही म्हणून गेल्या. नऊ तारखा कंपनीच्या वकिलांनी मुदत मागितली किंवा ते आलेच नाहीत म्हणून. खर्चाचा आदेश एकदा झाला, तीनशे रुपयांचा. ते तीनशे अजून यायचे आहेत.

आमचं गाव ते जिल्हा ७४ किलोमीटर. सव्वासहाची एसटी पकडली तरच वेळेवर पोचता येतं. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून माझं थोडं वाचतं, दादाचं पूर्ण. जाणं-येणं, खाणं, झेरॉक्स धरून तारखेला सहाशेच्या आसपास जातात, आणि दिवसाचा रोज बुडतो तो वेगळा. सत्तावीस गुणिले सहाशे, म्हणजे सोळा हजार दोनशे. बियाणं तेरा हजार दोनशेचं होतं. कंपनीच्या वकिलांना प्रत्येक तारखेचे पैसे मिळतात, आणि माझ्या भावाचे जातात. तारीख पडणं दोघांना सारखं नाही, एवढं तरी लक्षात घ्या.

दुसरं रिकाम्या खुर्च्यांचं. जिल्हा आयोगाचं कामकाज अध्यक्ष आणि किमान एक सदस्य यांनी एकत्र बसूनच चालवायचं असतं. म्हणून एक खुर्ची रिकामी झाली की सगळा जिल्हा थांबतो. नियुक्तीच्या नियमांवरून नागपूर खंडपीठापासून दिल्लीपर्यंत वाद चालले हे मी वाचलेलं आहे. पदं भरली जात नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने केंद्राला नवे नियम करायला आणि कायमस्वरूपी ग्राहक न्यायपीठं उभारता येतील का हे तपासायला सांगितलं. ते होईल तेव्हा होवो. पण अध्यक्षांची मुदत कधी संपणार, हे त्यांच्या नेमणुकीच्या दिवशीच शासनाला माहीत असतं. शाळेत शिक्षक निवृत्त होणार असेल तर गावाला वर्षभर आधी ठाऊक असतं. तुम्हाला कसं नसतं? आणि तोवर शेजारच्या जिल्ह्याच्या अध्यक्षांना आमच्याकडचे अधिकार देण्याची सोय कायद्याच्या कलम ३२ मध्ये आहेच. मागे तसा जादा कार्यभार दिला होता. ते महिन्यातून दोन दिवस यायचे, एका दिवसाच्या बोर्डावर शंभरावर प्रकरणं असायची आणि दुपारी त्यांना परतायचं असायचं. त्या दोन दिवसांत ते कोणाचं काय ऐकणार होते, ते मला कोणी सांगावं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त सलते. कंपनीने उत्तरात दोन मुद्दे घेतले. एक, शेतकरी माल विकून नफा कमावतो, म्हणून तो ग्राहक नाही. दोन, बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासलेला नाही, म्हणून दोष सिद्ध होत नाही. हे दोन्ही मुद्दे सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात जानेवारी २०१२ मध्ये फेटाळले आहेत. बियाणं विकत घेणारा शेतकरी ग्राहक आहे. आणि पेरायला आणलेलं सगळं बी तो पेरणार, पुढे भांडण होईल म्हणून त्यातलं मूठभर बाजूला ठेवेल अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही, असं तिथे म्हटलं आहे. खेड्यातलं जगणं कळलेल्या माणसाने लिहावं असं ते आहे, ते वाचताना मला बरं वाटलं होतं. तो निकाल मी छापून, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारून फायलीला लावला. तरी या दोन मुद्द्यांवरच्या युक्तिवादात आमच्या चार तारखा गेल्या. माझ्या दुकानातून बियाण्याच्या सात तक्रारी गेल्या आहेत आणि सातही उत्तरांत हेच दोन परिच्छेद आहेत, स्वल्पविरामासकट. जे एकदा कायमचं ठरलं आहे ते प्रत्येक शेतकऱ्याने नव्याने सिद्ध करायचं, तर वकील लागत नाही या वाक्याला अर्थ राहत नाही.

चौथं ऑनलाइनचं. सप्टेंबर २०२० मध्ये ऑनलाइन तक्रार भरायचं ई-दाखिल हे संकेतस्थळ आलं, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती. मी दोन्हीवर तक्रारी भरल्या आहेत आणि घरबसल्या तक्रार करता येते याचा मला आनंदच आहे. पण ज्याच्याकडे बटणाचा फोन आहे त्याचा ओटीपी कुठे जाणार? तो माझ्या नंबरवर येतो. गेल्या वर्षी एका तक्रारीत त्रुटी निघाली, कळवलं ते ईमेलने, इंग्रजीत. त्या आठवड्यात मी आईला घेऊन दवाखान्यात होते. मुदत गेली. त्या माणसाची तक्रार मी माझ्या पैशाने पुन्हा भरली, पण सगळीकडे असं कोण करणार? ऑनलाइन भरल्यावर कागदी संच मागतात तेही थांबलेलं नाही. आणि व्हिडिओवरून सुनावणी मागण्याचा हक्क कायद्याने दिलेला असताना, दादाच्या तसल्या अर्जावर आजवर आदेश झालेला नाही.

पाचवं वसुलीचं. शेजारच्या गावच्या एक काकू, नवरा गेल्यावर त्यांनी घरगुती पिठाची गिरणी घेतली, दळणावर घर चालवायचं म्हणून. साडेएकवीस हजारांची. वॉरंटीत मोटर दोनदा जळली, तिसऱ्यांदा विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलं. धंद्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात बसत नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेली बसते, हे मी त्यांच्या तक्रारीत ठळक अक्षरात लिहिलं. २०२२ च्या शेवटी त्या जिंकल्या. किंमत परत, वर त्रासाचे पाच हजार, खर्चाचे तीन हजार. पेढे घेऊन दुकानात आल्या होत्या. आज त्यातला एक रुपया आलेला नाही. दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, दाखल केली, तर विक्रेत्याने दुकान हलवलं, समन्स परत आलं, मग नवा पत्ता तुम्हीच शोधा असं त्यांना सांगण्यात आलं. आदेश पाळला नाही तर एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान पंचवीस हजार दंड, अशी कायद्यात तरतूद आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यातल्याच एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वसुलीचे अर्ज लवकर निकाली काढण्यासाठी पावलं उचलायला सांगितलं आहे. काकूंपर्यंत यातलं काही पोचलेलं नाही. गिरणी त्यांच्या ओसरीवर आहे, त्यांनी तिच्यावर गोधडी टाकून ठेवली आहे. "मग मी जिंकले म्हणजे काय झालं गं?" असं त्यांनी मला विचारलं, आणि त्यांच्यासमोर बसून मी दरखास्तीची पुढची तारीख सांगितली.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, ग्राहक आयोगातसुद्धा. पण आयोगाच्या इमारतीत तसा एकही फलक नाही. काकूंनी वकिलाला चार हजार दिले तेव्हा त्यांना हे माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. दुसरं, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा ग्राहक संरक्षण परिषद असते आणि तिच्या वर्षातून किमान दोन बैठका व्हायला हव्यात. आमच्या जिल्ह्यात शेवटची कधी झाली आणि तिथे काय ठरलं, हे विचारलं तर कोणी सांगत नाही.

आता मागण्या. नवा कायदा मागत नाही, आहे तो चालवा.

अध्यक्ष आणि सदस्यांची पदं रिकामी होण्याच्या सहा महिने आधी निवडीची प्रक्रिया सुरू करा. पद रिकामं राहिलंच तर त्याच आठवड्यात कलम ३२ खालची अधिसूचना काढा, आणि जादा कार्यभार असलेले अध्यक्ष महिन्यातून किमान आठ दिवस येतील, तेही ठरलेल्या दिवशी, असं करा.

पंचेचाळीस दिवसांनंतरचं उत्तर घेऊ नका. प्रत्येक वाढीव तारखेचं कारण रोजनाम्यात नीट लिहा, आणि ज्याच्यामुळे तारीख पडली त्याच्याकडून तक्रारदाराचा प्रवास आणि बुडालेला रोज एवढा तरी खर्च पुढच्या तारखेच्या आत भरून घ्या. तो भरल्याशिवाय त्यांचं पुढचं म्हणणं ऐकू नका.

बियाण्याच्या तक्रारी वेगळ्या काढा आणि पुढच्या खरिपाच्या आत निकाली काढा. तालुका समितीचा पंचनामा पुरावा म्हणून धरा. त्या लॉटचा राखून ठेवलेला नमुना आणि चाचणीचे कागद पहिल्या तारखेलाच कंपनीकडून मागवा. तिच्याकडे ते असतात, शेतकऱ्याकडे नसतात.

प्रत्येक तालुक्यात, पंचायत समितीत किंवा तहसीलमध्ये, व्हिडिओ सुनावणीसाठी एक खोली आणि एक माणूस आठवड्यातून एक दिवस द्या. आमच्या तहसीलमध्ये व्हीसीची खोली आहे, मंत्रालयाच्या बैठका तिथूनच होतात. वकील नसलेल्या तक्रारदाराचा व्हिडिओचा अर्ज नाकारायचा असेल तर लेखी कारण द्या. तक्रारीचा नमुना, त्रुटीचं पत्र आणि निकालाची प्रत मराठीत द्या. पन्नास हजारांच्या आतल्या तक्रारीसाठी एका पानाचा अर्ज पुरेसा करा.

दरखास्तींसाठी आठवड्यातला एक दिवस राखा. पत्ता शोधण्याचं काम तक्रारदारावर टाकू नका, पोलिसांकडून आणि जीएसटीच्या नोंदीतून शोधा. कोणत्या जिल्ह्यात किती दरखास्ती किती काळ पडून आहेत, ते दर तीन महिन्यांनी जाहीर करा.

मोफत वकिलाचा, १५१०० या विधी सेवा मदतक्रमांकाचा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनचा फलक प्रत्येक आयोगाच्या दाराशी लावा, मोठ्या मराठी अक्षरात.

आणि एक मागणी, जिला पैसे लागत नाहीत. बोर्ड होणार नसेल तर आदल्या दिवशी तक्रारदाराच्या मोबाइलवर मेसेज पाठवा. नंबर तुमच्याकडे आहेत, प्रत्येक तक्रारीवर आम्ही ते लिहून देतो.

दादाने विचारलं त्याचं उत्तर मी त्याला घरी आल्यावर दिलं. सोडायचं नाही. चार महिन्यांनंतरच्या तारखेला आम्ही सव्वासहाच्या गाडीने निघू, फाइल, निकालाची रेघा मारलेली प्रत आणि चारही टॅग घेऊन. त्या दिवशीही दारावर कागदच असणार असेल, तर आदल्या संध्याकाळी सहाच्या आत कळवा. म्हणजे दादा सकाळी वावरात जाईल.

आपली,
तहसील कार्यालयासमोरची टंकलेखिका आणि एका तक्रारदाराची बहीण